सहाव्या वर्षीचं घर

फडक्याने धूळ पुसताना छपराचा डावा उतार सुटून माझ्या हातात आला. जोर काही लावला नव्हता. पुठ्ठा जुना, गोंद त्याहून जुना, कधीतरी सुटायचाच होता. सुटला तर सुटला, पुन्हा चिकटवून मोकळं व्हायचं, एवढंच काम होतं. पण मी बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या घराच्या आत डोकावले. घर वितीपेक्षा कमी उंचीचं, पांढरं, दोन मजल्यांचं, सहा खिडक्या आणि खाली मधोमध दार असलेलं. आत भिंतींवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. केसासारख्या बारीक, टोकदार पेन्सिलीने पट्टी धरून ओढलेल्या. दाराच्या जागी छोटी फुली आणि तिच्या शेजारी आकडे. सदतीस. सत्तावीस. प्रत्येक साताच्या पोटातून एक आडवी रेघ गेलेली. असा सात आमच्या घरात एकच माणूस काढतो. भिंती जिथे एकमेकींना भेटत होत्या तिथे दोन्हीकडून तिरपा काप होता, बरोबर पंचेचाळीस अंशांचा. हा काप मारायला मला नोकरी लागल्यावरही दीड वर्ष लागलं होतं. सहा वर्षांच्या मुलीच्या हातात बोथट कात्री असते आणि तिला धड गोल कापता येत नाही. मी फडकं खाली ठेवलं आणि टेबलावरून पुसायला आणलेलं ते घर मांडीवर घेऊन पॅसेजमधल्या माळ्याच्या शिडीवर बसून राहिले.

आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात गाव मांडतात. आमच्याकडे म्हणजे आमच्याच घरात, दुसरीकडे कुठे मी हे पाहिलेलं नाही. सुट्ट्या लागल्या की माळ्यावरून खोकी खाली येतात, जेवणाच्या टेबलावर करडा पुठ्ठा पसरला जातो, त्यावर बाबांनी शाईने आखलेले रस्ते असतात आणि बारा सेंटिमीटरचे चौकोनी प्लॉट. मग घरं, दुकानं, पूल, शाळा, पाण्याची टाकी, एकेक आपापल्या जागेवर. दर वर्षी प्रत्येकाने एक नवीन वस्तू करायची. आणि घरातलं मूल सहा वर्षांचं झालं की त्याने आपलं पहिलं घर करायचं, त्याला प्लॉट मिळणार. आठवडाभर आम्ही कोपऱ्यातल्या तिपाईवर ताटं मांडून जेवतो, कारण टेबलावर गाव वसलेलं असतं. नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला शेजारीपाजारी आणि बाबांच्या ऑफिसातले जुने लोक चहाला येतात, वाकून वाकून बघतात. बाबा नगररचना खात्यात ड्राफ्ट्समन होते. खरं शहर त्यांच्या नकाशाबरहुकूम कधीच झालं नाही, साहेबांनी आणि बिल्डरांनी ते हवं तसं वाकवलं, म्हणून की काय हे पुठ्ठ्याचं गाव त्यांनी पन्नासास एक या प्रमाणात काटेकोर ठेवलं. इथे अतिक्रमण नाही. इथे एकही बाल्कनी रस्त्यावर आलेली नाही. ‘चूक मिलिमीटरची असते, बाई,’ ते मला म्हणायचे, ‘मीटरची चूक कोणी करत नाही.’

आणि त्या गावातलं सगळ्यात कौतुकाचं घर माझं. पहिल्या तारखेला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बाबा तिथे आणून उभं करायचे, सात नंबरचा प्लॉट, आणि म्हणायचे, ‘हे हिने केलं. सहाव्या वर्षी.’ पाहुणे भुवया उंचावायचे. मी दाराआड उभी राहून ऐकायचे, पुढे दाराआड उभं राहणं सोडलं आणि समोर उभी राहून ऐकायला लागले. हिचा हात जन्मजात आहे. मोरपिसाला रंग कोणी शिकवतं का. असली वाक्यं ऐकत मी मोठी झाले. शाळेतले तक्ते मी केले, मावसबहिणींच्या भांडणात न पडणारी, कात्री-गोंदात रमणारी मुलगी म्हणून मावशांनी माझं नाव घेतलं, आणि पुढे एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं करण्याच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या तिघांना मी हीच गोष्ट सांगितली. सहा वर्षांची असताना मी पन्नासास एक प्रमाणात घर केलं होतं. ते तिघे हसले, खूश झाले आणि मला नोकरी मिळाली. तेरा वर्षं झाली. आज लोक मला मॉडेलवाली बाई म्हणतात, माझ्या हाताखालून इस्पितळं गेली, विमानतळ गेला. आणि हे सगळं ज्या पायावर उभं आहे तो पाया कोणा दुसऱ्याचा. शिडीवर बसल्या बसल्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती रागाची आहे की शरमेची हे मला आधी कळेना. मग कळलं. रागाचीच होती. शरम त्यांना वाटायला हवी होती, मला का वाटावी.

कारण रेघा आणि आकडे हे काहीच नव्हतं. आतल्या चारही कोपऱ्यांत भिंती पक्क्या राहाव्यात म्हणून त्रिकोणी आधार चिकटवले होते, आम्ही मॉडेलांमध्येही तसेच लावतो, आणि ते त्रिकोण दुसऱ्याच पुठ्ठ्याचे होते. जाड, भुरकट, बुटांच्या खोक्याचा असतो तसल्या. त्यांच्यावर जांभळा खडू घासलेला होता. एका त्रिकोणावर खिडकीचा अर्धा भाग होता आणि त्या खिडकीत एक डोकं, दोन डोळ्यांचं, तोंड कापलं गेलेलं. मी त्या डोक्याकडे बघत राहिले आणि मला ते घर आठवलं. बत्तीस वर्षं आठवलं नव्हतं ते एका क्षणात आठवलं, वासासकट. खडूचा मेणचट वास आणि आमच्या जुन्या खोलीतल्या ओल्या चटईचा. माझं घर जांभळं होतं. त्याला दार वर होतं, अगदी छपराखाली, आणि जिना नव्हता. मला पक्कं आठवलं की असं का. खाली दार असलं की कोणीही येऊन वाजवतं. वरून आत शिरायचं, म्हणजे मग खाली कोणी आलं तरी आपण सापडत नाही. बाबा तेव्हा हसले होते. ‘मग पाहुण्यांनी काय शिडी घेऊन यायचं?’ आणि मग म्हणाले होते, ‘राहू दे माझ्याकडे. गोंद ओला आहे. गोंद सुकला की सगळं सरळ होतं.’ सकाळी मी उठले तर सात नंबरच्या प्लॉटवर पांढरं घर उभं होतं, दार खाली, आणि सगळे टाळ्या वाजवत होते. मी विचारलं नसेल का? विचारलं असेल. गोंद सुकला की सरळ होतं, आणि मला ते पटलं. पटलं म्हणजे मी पटवून घेतलं. टाळ्या वाजत असताना कोणाला नको असतं पटायला. माझं घर फेकून दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी काटकसर केली. त्याचे तुकडे करून आतून टेकू दिले, दिसणार नाहीत अशा ठिकाणी, कारण आतली रेघ कोणाला दिसत नाही, ती खोडण्यात वेळ घालवू नये, हाही त्यांचाच नियम.

आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सुटलेलं छप्पर तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, ‘हे घर कोणी केलं होतं?’ तिने छपराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. एवढ्यावरून मला उत्तर मिळालं, तरी मी म्हटलं, ‘तुला माहीत होतं.’

‘अगं, किती वर्षं झाली त्याला,’ ती म्हणाली. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कशाला उघडत बसतेस?’

‘मूठ माझी होती, आई.’

‘तुझी होती म्हणूनच झाकली ना. तू किती खूश होतीस त्या दिवशी. आठवड्यानं जेवलीस पोटभर.’ आणि पुढे आवाज खाली आणून, ‘त्यांना काही बोलू नकोस हं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून चिडचिड करतात. हे चार दिवसच तेवढे आनंदात असतात.’

ही आमच्या घरची रीत. बाबांच्या आनंदाचे चार दिवस सांभाळायचे, मग बाकीच्यांनी वर्षभर मूग गिळून बसायचं. मला दादा आठवला. दादाचं घर गावात नाही. पाहुण्यांनी विचारलं की आई सांगायची, त्याला हात नाही हो, त्याचं सगळं डोक्यात. मी लहान असताना ऐकलेली गोष्ट अशी की दादाने सहाव्या वर्षी घर केलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच लाथ मारून फोडलं, भारी तापट. आता मला ते फोडणं अगदी वेगळं दिसायला लागलं. त्याने सकाळी उठून टेबलावर पाहिलं असेल आणि त्याला ते पटलं नसेल. बस्स, एवढाच आमच्यात फरक. तो तापट ठरला आणि मी गुणी. तो गेली अकरा वर्षं सुट्टीत इकडे फिरकत नाही, फोनवर ‘गाव मांडलं का’ असं विचारतो आणि मी त्याच्या सुरातला कुजकेपणा मनावर घेत नाही, कारण हात नसलेल्या माणसाला हात असलेल्यांचा राग येणारच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. माझ्याच भावाबद्दल मी असं धरून चालले. कोणाच्या तरी कापाकापीवर मी इतकी वर्षं मिजास केली.

पण हे सगळं जुनं. जुनं म्हणून गिळलं असतं, कदाचित. या वर्षी माझी मुलगी सहा वर्षांची झाली आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. पण गेले तीन दिवस ती बाबांच्या शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून बसून घर करते आहे. तिच्या घराला पाय आहेत. चार, जाड, पुठ्ठ्याच्या सुरळ्यांचे, आणि प्रत्येकाला बूट रंगवलेला. गेल्या चार वर्षांत भाड्याचे करार संपल्यामुळे आम्ही तीन घरं बदलली, दर वेळी तिचं काहीतरी मागे राहिलं, म्हणून तिने असं घर केलं जे आपल्यामागून चालत येईल. हे तिने मला परवा सांगितलं, अगदी सहज, बुटांच्या नाड्या रंगवता रंगवता. भिंती तिरक्या, खिडक्या गोल, छपरावर एक डबा, तो कशाचा ते अजून ठरलेलं नाही. बाबा म्हणाले होते, ‘गावातली घरं चालत नाहीत गं राणी.’ ती हसली होती. आज सकाळी मात्र हसली नाही. आज सकाळी तिने घर लांब धरून पाहिलं, मग सात नंबरकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आईने सहा वर्षांची असताना केलं होतं तसं नाही झालं माझं.’ आणि मी काय केलं? मी म्हटलं, ‘होईल गं,’ आणि हात पुढे करून तिच्या घराचा एक फेंगडा पाय सरळ केला. विचारसुद्धा केला नाही. माझा हात आपोआप गेला, ऑफिसात दुसऱ्याच्या कामावर जातो तसा. मी तिला आजच खोटं घर दाखवून लाजवलं नव्हतं, ती जन्मल्यापासून लाजवत होते, दर वर्षी, सात नंबरच्या प्लॉटपाशी उभी राहून.

बाहेरच्या खोलीत बाबा टेबलाशी बसले होते. दुपारचं जेवण झालेलं, भिंगरीला त्यांनीच गोड बोलून झोपायला पाठवलेलं. खिडकीतून उन्हाचा पट्टा गावावर पडला होता आणि त्यांनी चष्म्यावर दुसरं भिंग लावलं होतं. त्यांच्यासमोर पांढऱ्या शुभ्र बोर्डाचा नवा तुकडा होता, त्यावर रेघा पडायला सुरुवात झालेली, आणि शेजारी तिचं पायांचं घर, आडवं, पोटावर पट्टी ठेवलेलं. ब्लेड अजून उघडलेलं नव्हतं. मी ते उचललं आणि माझ्याकडे ठेवलं.

‘काय गं?’ ते म्हणाले.

‘तिचं घर तसंच राहणार.’

‘तसंच राहील की. जरा बळकट करतो. पाय टिकायचे नाहीत तिचे, परवापर्यंत बसकण मारतील.’ मग घर सात नंबरवर परत ठेवून मी त्याच्याशेजारी ठेवलेलं छप्पर त्यांना दिसलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मला वाटलं आता काहीतरी होईल, या माणसाचा चेहरा तरी बदलेल. ते म्हणाले, ‘तेव्हाचा गोंद चांगला नव्हता.’

मला हसू आलं. मी म्हटलं, ‘माझं घर कापून तुम्ही त्याचे टेकू केलेत.’

‘मग काय करायचं होतं? दार आढ्याला. पहिल्या तारखेला दहा माणसं येतात, तोंडावर हसतात. तू रडली असतीस.’

‘मी, की तुम्ही?’

त्यांनी चष्म्यावरचं भिंग काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘वाईट काय झालं तुझं? त्या घराच्या जिवावर उभी आहेस ना आज? मी नसतं केलं तर काय झाली असतीस? तुझ्या भावासारखी फिरली असतीस रागावून.’

‘सुरी सोन्याची असली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, बाबा,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ‘काय झाले असते ते मला बघायचं होतं. ते बघायचं माझ्यासाठी ठेवलंच नाहीत तुम्ही. आता मी काहीही केलं तरी मला कळत नाही की हात माझा आहे की तुमचा.’ हे मी बोलले तेव्हाच मला कळलं की ते खरं आहे, आणि त्यामुळे मी आणखी चिडले. आई दारात येऊन ‘हळू, हळू’ असं हाताने खुणावत होती. आयुष्यभर ही बाई दारात उभी राहून हळू, हळू करत आली. मी तिच्याकडे पाहिलं तर तिच्या कमरेशी भिंगरी उभी होती, गालावर उशीचे वळ उठलेले.

ती सरळ टेबलाशी आली. तिने पांढरा बोर्ड पाहिला, रेघा पाहिल्या, आडवं पडलेलं आपलं घर पाहिलं. मला वाटलं ती भोकाड पसरेल आणि मग मी बाबांना म्हणेन, बघा. पण ती बाबांच्या मांडीला चिकटली आणि म्हणाली, ‘आजोबा, करा ना नीट. आईचं आहे तसं करा. मी कोणाला सांगणार नाही.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. जिंकल्यासारखं नाही, हे मी कबूल करते; थोडं घाबरल्यासारखं. मी कोणाला सांगणार नाही. हे तिला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. या घरात ते शिकवावं लागत नाही. आता गप्प बसले तर पहिल्या तारखेला टाळ्या वाजतील, ती जेवेल पोटभर, आणि पुढची तीस वर्षं तिला वाटत राहील की आपण एकटीच लबाड, आई मात्र खरी. आणि बोलले तर माझं बत्तीस वर्षांचं घर माझ्याच मुलीसमोर कोसळणार. दोन्हींत नुकसान माझंच होतं आणि मला त्याचाही राग आला. मी खाली बसले, तिच्या उंचीला.

‘ते घर मी केलेलं नाही,’ मी म्हटलं. ‘आजोबांनी केलंय. माझं वेडंवाकडं होतं.’

ती हसली. तिला ही थट्टा वाटली. तिने बाबांकडे वळून विचारलं, ‘खरं?’

‘आई चिडलीय, म्हणून म्हणते,’ बाबा म्हणाले. ‘आईनंच केलं. सहाव्या वर्षी.’

त्या क्षणी मला या माणसाचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचाच आला नव्हता. मी उठून सात नंबरवरचं घर उचललं, ब्लेड उघडलं आणि मागची भिंत कोपऱ्यातून कापली. आई ‘अगं, अगं’ म्हणत पुढे आली. भिंत अलगद निघाली. काम चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मी ती उघडी बाजू भिंगरीसमोर धरली. ‘हा सात कोणाचा?’

आजोबांचा सात ती रोज बघते, ते तिला गणितं घालून देतात. तिने तो ओळखला आणि आजोबांकडे पाहिलं. मग तिने बोट आत घालून जांभळ्या त्रिकोणाला लावलं. ‘हे कोणाचं?’

‘हे माझं.’

‘रंग बाहेर गेलाय.’

‘गेला होता.’

‘याला तोंड का नाही?’

मी काही बोलायच्या आत बाबा उठले. त्यांनी पट्टी पुसली, खणात ठेवली, पांढरा बोर्ड उचलला आणि आतल्या खोलीत निघून गेले. दार त्यांनी आपटलं नाही, कधीच आपटत नाहीत, कडीचा हलका आवाज आला तेवढाच. आई दोन पावलं त्यांच्यामागे गेली, मग थांबली, आणि मग गेलीच. आता चार दिवसांचा आनंद मी घालवला होता, आणि परवा येणाऱ्या दहा माणसांसमोर सात नंबरला भिंत नसणार होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आणखी काहीतरी कापावंसं वाटत होतं.

भिंगरीने आपलं घर उभं केलं. ते उभं राहिना. तिने एक पाय आत ढकलला, एक बाहेर ओढला, छपरावरचा डबा काढून पुन्हा लावला. मग तिने ते उचलून गावात नेलं आणि एका प्लॉटवर मावत नाही म्हणून दोन पाय एका प्लॉटवर, दोन रस्त्यावर असं ठेवलं. पूल सरकला. घर डावीकडे कललं होतं, मागचा पाय आखूड होता, चार मिलिमीटर, फार तर पाच. खाली पुठ्ठ्याची एक पट्टी सारली असती तर झालं असतं, नुसती एक पट्टी, तिला कळलंही नसतं. गोंदाची बाटली माझ्या हाताशीच होती. मी काही केलं नाही. नुसती बघत उभी होते.

‘आई, तू बघू नकोस ना,’ ती म्हणाली.

‘का? छान झालंय की.’

‘तू आजोबांसारखी बघतेस.’

ती रागावून बोलली नव्हती, सांगायचं म्हणून सांगितलं तिने, आणि पुन्हा कामाला लागली. मी वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीच्या रंगाला पोपडे आले होते, त्यातला एक नखाने काढावासा वाटला म्हणून दोन्ही हात काखेत दाबून धरले. मागे कात्री चालली, खुर्ची सरकली, तिचं स्वतःशीच काही पुटपुटणं चालू होतं. मग धपकन काहीतरी पडलं, आणि ती ‘अरे देवा’ म्हणाली. मी वळले नाही.